अनोळखी शब्द वाक्यात कसा बसवावा: घरच्या बैठकीसाठी शब्दखेळ

सुट्टीच्या संध्याकाळी घरातल्या चार-सहा जणांनी एकत्र बसून खेळावा असा हा खेळ आहे. चिठ्ठीतून एक अनोळखी शब्द काढायचा आणि प्रत्येकाने तो वापरून एक वाक्य रचायचे. त्यासाठी कागद, पेन्सिली आणि एक चांगला शब्दकोश पुरेसा आहे.

सुरुवात शब्द जमवण्यापासून करावी. केवळ अवघड दिसतात म्हणून लांबलचक संस्कृत समासांचा ढीग करू नये, कारण अशा शब्दांची वाक्ये कृत्रिम होतात आणि मुले लवकर कंटाळतात. कोल्हापूरकरांना तर शब्दांसाठी लांब जावेच लागत नाही. गुऱ्हाळावर काहील (रस उकळण्याची मोठी कढई), चुलवाण (तिच्याखालची भट्टी), गुळव्या (गूळ तयार करणारा), चिपाड (रस काढून उरलेला ऊस) हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. तालमीत हौदा (कुस्तीची मातीची जागा) आणि शड्डू (मांडीवर मारलेली थाप) आहेत. शहरात वाढलेल्या मुलांना यांतले बरेचसे नवे असतात, म्हणून हे शब्द आजी-आजोबांना विचारून मुलांनाच लिहून घ्यायला सांगावे. त्यांच्या जोडीला वाचनात भेटणारे, पण बोलण्यातून मागे पडलेले यच्चयावत (झाडून सगळे), घायकुती (अगदी जेरीस आल्याची अवस्था), तिरीप (तिरकस येणारा उन्हाचा किरण) यांसारखे शब्द घालावेत.

मग प्रत्येक शब्द कोशात तपासावा. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात निघालेला सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश या कामासाठी मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्यात बोलीतले आणि व्यवसायांतले शब्दही मुबलक आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही हाताशी असावा. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. अर्थाबरोबर शब्दाचे लिंग आणि त्याची सोबतही टिपून ठेवावी: काहील स्त्रीलिंगी, चुलवाण नपुंसकलिंगी, तिरीप बहुधा उन्हाची असते, आणि माणूस घायकुतीला ‘येतो’.

आता खऱ्या कसोटीकडे येऊ. वाक्य असे हवे की शब्द ठाऊक नसलेल्या माणसालाही त्यावरून अर्थाचा अंदाज यावा. ‘ती घायकुतीला आली’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण त्यातून ती रडली, घाबरली की संतापली, काहीच कळत नाही. उलट, ‘दिवाळीच्या गर्दीत महाद्वार रोडवर पिशवीचा बंद तुटला, कडेवरचे मूल रडू लागले आणि एकही रिक्षा थांबेना, तेव्हा ती अगदी घायकुतीला आली’ या वाक्यात परिस्थितीच अर्थ सांगते. त्याचप्रमाणे ‘काहील मोठी होती’ असे म्हणून भागत नाही. ‘चिपाडे सारून चुलवाण पेटवले आणि थोड्या वेळाने काहिलीतला उसाचा रस उकळू लागला’ असे म्हटले की दोन शब्द एकदम उलगडतात. पडताळा घेण्यासाठी वाक्य वाचताना तो शब्द गाळावा आणि ऐकणाऱ्यांना अर्थ ओळखायला सांगावे. गाळलेल्या जागी कोणताही शब्द चालत असेल, तर वाक्य पुन्हा रचावे.

वाक्य रचण्यासाठी तीन मिनिटे द्यावीत. अर्थ ओळखता आला तर दोन गुण आणि लिंग, विभक्ती, क्रियापद अचूक असेल तर एक गुण, एवढा हिशेब पुरतो. ‘यच्चयावत म्हणजे सगळे’ अशी व्याख्याच वाक्य म्हणून पुढे केल्यास गुण देऊ नये. लहान मुलांना वाक्य तोंडी सांगण्याची मुभा असावी. मोठ्यांसाठी खेळ सोपा झाला की दोन चिठ्ठ्या एकत्र काढून दोन्ही शब्द एकाच वाक्यात आणायला लावावेत. ‘तिरीप’ आणि ‘हौदा’ अशी जोडी आली, तर तालमीच्या खिडकीतून सकाळी लाल मातीवर पडणारे ऊन कुणाला तरी सुचतेच.

अर्थावरून वाद झाला तर कोश उघडावा. मात्र कोशातला अर्थ आणि गुऱ्हाळावर किंवा तालमीत प्रत्यक्ष चालणारा अर्थ वेगळा निघाला, तर दोन्ही ग्राह्य धरावेत आणि वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. ज्या शब्दांचे अर्थ कुणालाच ओळखता आले नाहीत, त्यांच्या चिठ्ठ्या पुढच्या बैठकीसाठी बाजूला ठेवाव्यात.