पावसात भिजलेले बेअरिंग मी असे वाचवले
आपल्या सोलापुरात स्केटिंगला त्रास धुळीचा, पावसाचा नाही, त्यामुळं बेल्जियममध्ये ओस्टेंडला रोड रेस चालू असताना पाऊस आला आणि संध्याकाळी चाकं फिरवली तर खर्र खर्र आवाज, तेव्हा जाम टेन्शन आलं कारण दुसऱ्या दिवशी परत रेस होती. इनलाइन स्केटचं (एका ओळीत चाकं असलेलं) बेअरिंग म्हणजे ६०८ साइज, आत ८ मिमीचं भोक, बाहेरून २२. एका स्केटला ११० मिमीची ४ चाकं, चाकाला २ बेअरिंग, म्हणजे जोडीला १६, आणि पाणी राहिलं तर रात्रीतच गंज धरतो!

बेअरिंग धुवायला लागणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल पेट घेणारं, म्हणून विमानातून नेलं नव्हतं, ते तिथल्याच मेडिकलमधून घेतलं. ॲलन की नं (सहा कोनी किल्लीनं) चाकं काढली, बेअरिंग बाहेर ढकलून पिनेनं रबरी शील्ड, म्हणजे बेअरिंगचं झाकण, अलगद उचललं (घाई केली की वाकतं), मग छोट्या बरणीत अल्कोहोल टाकून खळखळ हलवलं. पहिलं पाणी अगदी चहासारखं तांबडं निघालं, म्हणून अल्कोहोल बदलून परत केलं. टॉवेलवर पसरून वास पूर्ण गेल्यावरच हेअर ड्रायर फिरवला, कारण अल्कोहोल पेट घेतं. शेवटी पातळ तेलाचा एकेक थेंब, बास, जास्त घातलं तर फिरणं जड होतं आणि धूळ चिकटते.

सकाळी चाक बोटानं फिरवलं, आवाज नाही. आता पावसाचा अंदाज असला की जुना बेअरिंग सेटच लावते, नवा बॅगेत.