नवीन व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेतलाय? साइट चढवायच्या आधी एवढं करा

सर्व्हरला पब्लिक आयपी मिळाला की थोड्याच वेळात बॉट लोक (आपोआप चालणारे प्रोग्राम) दार वाजवायला लागतात, तुमची साइट कोणाला माहीत असो नसो. खात्री करायची तर ऑथ लॉग (लॉगिनच्या नोंदींची फाइल) उघडून बघा, "फेल्ड पासवर्ड फॉर रूट" (रूट म्हणजे सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं) च्या ओळींची रांग लागलेली असते. म्हणून आधी दारं बंद करायची आणि मग साइट, उलटं नाही. मी इथे उबुंटू २४.०४ आणि एनजिनएक्स (साइट दाखवणारा वेब सर्व्हर) धरून सांगतोय, डेबियनवरही जवळपास हेच.

पहिलं काम एपीटी (उबुंटूचं सॉफ्टवेअर टाकायचं साधन) अपडेट आणि अपग्रेड, यात बोलण्यासारखं काही नाही. मग ॲडयूजरने स्वतःच्या नावाचा यूजर बनवा आणि त्याला सुडो ग्रुपमध्ये टाका (सुडो लावलं की गरजेपुरते रूटचे अधिकार मिळतात), रूटने रोजची कामं करायची नाहीत. सर्व्हरवर दुरून लॉगिन एसएसएचने होतं, त्यासाठी लॅपटॉपवर एसएसएच-कीजेनने ईडी२५५१९ टाइपची की बनवा, पासफ्रेज द्या (कंटाळा येतो, तरी द्या), आणि एसएसएच-कॉपी-आयडीने पब्लिक की त्या यूजरकडे पाठवा. प्रायव्हेट की लॅपटॉपवरच राहते, ती कोणी मागितली तरी द्यायची नाही, अगदी सपोर्टवाल्यालाही नाही.

आता पासवर्ड लॉगिन बंद करायचं, आणि बरेच जण इथेच फसतात. लोक एसएसएचडी (सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्राम) कॉन्फिगच्या मुख्य फाइलमध्ये पासवर्डऑथेंटिकेशन नो लिहितात, सर्व्हिस रीस्टार्ट करतात आणि झालं म्हणून मोकळे होतात, पण त्या फाइलच्या वरच्याच भागात एक इन्क्लूड ओळ असते जी शेजारच्या डॉट-डी फोल्डरमधल्या फाइली आधी वाचते, आणि एसएसएचडीचा नियम असा की जी सेटिंग पहिली सापडेल तीच चालणार. क्लाउडवाल्यांच्या इमेजमध्ये तिथे बऱ्याचदा ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल बसलेली असते आणि तिच्यात पासवर्डला येस असू शकतं, म्हणजे तुमचं नो गेलं पाण्यात. त्यापेक्षा त्याच फोल्डरमध्ये ००ने सुरू होणारी आणि डॉट कॉन्फने संपणारी स्वतःची फाइल करा, तिच्यात पासवर्डऑथेंटिकेशन नो आणि परमिटरूटलॉगिन नो लिहा, आणि रीस्टार्ट केल्यावर सुडो लावून एसएसएचडी मायनस कॅपिटल टी चालवून बघा, खरंच काय लागू झालंय ते तिथे दिसतं. हे सगळं होईपर्यंत चालू टर्मिनल बंद करू नका!! दुसऱ्या विंडोतून नव्या यूजरने लॉगिन करून बघा, सुडो चालतंय का तेही बघा, मगच पहिली विंडो सोडा.

एसएसएचचा पोर्ट २२ बदलून दुसरा ठेवा असा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. त्याने लॉगमधला कचरा कमी होतो, बाकी सुरक्षा म्हणाल तर फारशी नाही.

फायरवॉलला यूएफडब्ल्यू पुरतो. आधी ओपनएसएसएच अलाऊ, मग ८० आणि ४४३ (एचटीटीपी आणि एचटीटीपीएसचे पोर्ट), आणि सगळ्यात शेवटी इनेबल. क्रम चुकला तर पुढचं लॉगिन प्रोव्हायडरच्या वेब कन्सोलमधून करावं लागेल. आणि डॉकर (ॲप वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) वापरत असाल तर सावध, डॉकरने पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला बगल देऊन थेट बाहेर उघडतो, म्हणून डेटाबेसचा पोर्ट १२७.०.०.१ ला (म्हणजे फक्त सर्व्हरच्या आतून दिसेल असा) बांधा.

एनजिनएक्स टाकून साइटच्या फाइली चढवा, परमिशन फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४. परमिशन एरर आली की ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) मारायची सवय असेल तर ती आजच सोडा, फाइलचा मालक कोण आहे ते बघा, घोळ बहुतेक तिथेच असतो. डॉट गिट फोल्डर (कोडचा इतिहास) आणि डॉट ईएनव्ही फाइल (पासवर्ड, की वगैरे) वेब रूटमध्ये, म्हणजे साइटच्या फाइली असतात त्या फोल्डरमध्ये, नकोच, बॉट पहिलं तेच मागतात. कॉन्फिग बदललं की एनजिनएक्स मायनस टी ने तपासायचं आणि मगच रीलोड.

एचटीटीपीएससाठी सर्टबॉट, तो लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट आणतो. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, रिन्यू आपोआप होतं, पण पोर्ट ८० "आता काय कामाचा" म्हणून बंद केलात तर नेहमीच्या पद्धतीने रिन्यू होणार नाही. शिवाय मुदत संपत आल्याचे मेल त्यांनी २०२५ मध्ये बंद केलेत, त्यामुळे सर्टबॉट रिन्यू ड्राय-रन (खोटी चाचणी) लावून आजच खात्री करून घ्या.

राहिलं अनअटेंडेड-अपग्रेड्स. सिक्युरिटी पॅच ते स्वतः टाकतं, पण नवीन कर्नल (सिस्टमचा गाभा) रीबूट केल्याशिवाय लागू होत नाही आणि रीबूट ते मुळात स्वतःहून करत नाही, म्हणून लॉगिन केल्यावर "सिस्टम रीस्टार्ट रिक्वायर्ड" दिसलं की रात्री ट्रॅफिक कमी असताना रीबूट मारा.