मॉडेल रेल्वेचे टेबल: फळी कोणती घ्यावी, खाली आधार किती द्यावा

मॉडेल रेल्वेच्या टेबलाला गाडीचे ओझे कधीच होत नाही. एचओ मापाचे, म्हणजे 1:87 प्रमाणाचे इंजिन पाव ते अर्धा किलो भरते. टेबलाला जड जाते ते फळीचे स्वतःचे वजन, पावसाळ्यातली दमट हवा आणि मधले रूळ पुसताना टेकवलेले आपले कोपर. म्हणून जाड फळी घेऊन आधारात काटकसर करण्यापेक्षा मध्यम फळी घ्यावी आणि खालची चौकट दाट करावी. दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर फळीच्या स्वतःच्या वजनाने पडणारा झोळ सोळापट होतो. जाडी दुप्पट केली तर तो फक्त चौथाईवर येतो, कारण फळीचे वजनही दुप्पट झालेले असते.

झोळापेक्षाही पीळ वाईट. एचओच्या दोन रुळांमध्ये 16.5 मिमी अंतर असते. एक रूळ अर्धा मिलिमीटर खाली गेला, की तो उतार खऱ्या ब्रॉडगेजवर एक रूळ 5 सेंमी बसल्यासारखा असतो. डबे घसरू लागले की लोक चाके तपासत बसतात. दोष बहुधा टेबलात असतो.

फळी कोणती?

प्लायवूड 12 मिमी, आयएस 710 (भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा. कोरड्या हवेच्या गावी आयएस 303 चा प्लायही चालतो, पण कोकणात, मुंबईत किंवा तळमजल्यावरच्या खोलीत तिथे पैसे वाचवू नका. दुकानात ताव कडेवर उभा धरून एका डोळ्याने लांबीच्या दिशेने पाहा: बाक आणि पीळ लगेच दिसतो. कडेच्या थरांत फटी आहेत का तेही बघा. मग बोटाने टकटक करत पुढे सरका. आवाज मध्येच पोकळ झाला तर आत थर तुटका आहे. तो ताव परत करा.

एमडीएफ (लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेली फळी) गुळगुळीत असते, कापायला सोपे असते, म्हणून मोह होतो. पण ते प्लायपेक्षा जड असते, लवकर वाकते, आणि कापलेल्या कडेला पाणी लागले की फुगते ते पुन्हा बसत नाही. निसर्गदृश्ये करताना तर पातळ केलेला गोंद आणि ओले प्लास्टर त्यावर पडणारच.

डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांची फळी) किंवा पीव्हीसी फोमच्या फळीला पाण्याची आणि वाळवीची भीती नाही, हे खरे. पण ती सततच्या वजनाने हळूहळू वाकत जाते आणि उन्हाळ्यात गच्चीखालच्या खोलीत आणखी नरम पडते. वापरायचीच तर आधार 25 सेंमीवर द्या.

थर्माकोल फळी म्हणून नको. दाट, रंगीत एक्सपीएस फोमचा (थर्माकोलच्याच जातीचा, पण टणक) 25 मिमी थर प्लायवर चिकटवला, तर नदी-नाले कोरता येतात; तेवढ्यासाठी तो उत्तम. त्याला पांढरा फेविकॉल लावा. रबरी सोल्युशनने फोम विरघळतो. रुळांना वायर सोल्डर करताना गरम टोक फोमला लागले, तर रुळाखाली खड्डा पडतो, म्हणून सोल्डरिंग आधी करून घ्या.

एन मापासाठी (1:160, रुळांमधले अंतर 9 मिमी) तयार फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट असलेले दार, टेबल म्हणून वापरणे हा सोपा मार्ग आहे. अडीच फूट रुंदीत 11 इंची त्रिज्येचे वळण ऐसपैस बसते. दार जड असते, पण ते मुळात सपाट राहण्यासाठीच बनवलेले असते.

6 × 4 फुटी टेबल, एचओ माप

साहित्य: 12 मिमी प्लायचा एक ताव (8 × 4 फूट), 18 मिमीचा एक ताव, 2 इंची चौरस लाकूड सव्वा मीटर, 1 इंची चौरस पट्टी 4 मीटर, एम-8 चे 16 नटबोल्ट वॉशरसह, पायांखाली लावायचे 4 लेव्हलिंग बोल्ट, सव्वा इंची आणि दीड इंची स्क्रू, पांढरा गोंद, प्रायमर.

1. कापणी दुकानातल्या मशीनवरच करून घ्या. 12 मिमीच्या तावातून 6 × 4 फूट कापला की 2 × 4 फुटांचा तुकडा उरतो. तो जपून ठेवा. 18 मिमीच्या तावाच्या 90 मिमी रुंद, 8 फुटी पट्ट्या पाडा. करवतीची जाडी धरूनही 13 निघतात. चौकटीसाठी बाजारातल्या कच्च्या लाकडापेक्षा या पट्ट्या बऱ्या: त्या सरळ राहतात, पहिल्या पावसाळ्यात पिळत नाहीत.

2. दोन पट्ट्या 1830 मिमी लांब कापा. तीन पट्ट्यांमधून 1184 मिमीचे सहा तुकडे काढा. या आडव्या पट्ट्या. पायांसाठी चार पट्ट्यांमधून 900 मिमीचे आठ तुकडे. राहिलेल्या चारांतून तिरप्या टेक्यांसाठी 600 मिमीचे सहा तुकडे काढा. बाकीच्या पट्ट्या शिल्लक.

3. जोडणीआधी प्रत्येक आडव्या पट्टीच्या मध्यरेषेवर 25 मिमीची तीन भोके पाडा. वायरी यातून जातील. पट्टीच्या उंचीच्या मध्यावर ताण सर्वांत कमी असतो, म्हणून भोक तिथेच हवे; कडेला खाच पाडली तर पट्टी कमजोर होते.

4. चौकट सपाट फरशीवर जोडा. आडव्या पट्ट्या समान अंतरावर, केंद्रापासून केंद्रापर्यंत सुमारे 362 मिमी. प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारू नका, थर फाटतात. प्रत्येक जोडाच्या एका कोनात 2 इंची लाकडाचा 80 मिमीचा ठोकळा गोंद लावून बसवा आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमधून त्यात दीड इंची स्क्रू न्या. आधी 3 मिमीचे भोक पाडा. गोंद सुकण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे असले तर चौकट काटकोनात आहे. नुसत्या गुण्यावर विसंबू नका.

5. पाय: दोन-दोन तुकडे इंग्रजी एल आकारात गोंद आणि, आधी भोक पाडून, स्क्रूने जोडा. ते कोपऱ्यात लावू नका. टोकापासून दुसऱ्या आडव्या पट्टीच्या आतल्या बाजूला, लांब पट्टीला टेकवून बोल्टने आवळा, प्रत्येक पायाला चार बोल्ट. पाय टोकापासून साधारण एक पंचमांश आत आले की मधला झोळ आणि टोकांचा झोळ दोन्ही कमी राहतात. मात्र बाहेर आलेल्या टोकावर कुणी बसले तर टेबल कलंडेल. घरात मुले असतील तर हे आधीच सांगून ठेवा.

6. टेके पायापासून चौकटीपर्यंत 45 अंशात लावा: लांबीच्या दिशेने चार, रुंदीच्या दिशेने दोन. टेके नसतील तर टेबल हलते आणि धक्क्यासरशी डबे सुटतात.

7. पायांच्या तळाशी लेव्हलिंग बोल्ट हवेतच. आपल्याकडच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, शिवाय रोज ओले पोछे. प्लायची उघडी कड फरशीला टेकली तर ती पाणी शोषते आणि वर्षभरात थर सुटतात. बोल्टमुळे पाय 20 मिमी वर राहतो आणि पाणसळ लावून टेबल समतल करता येते. पृष्ठभाग सुमारे 93 सेंमीवर येतो.

8. फळी बसवण्याआधी तिला दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांना प्रायमरचे दोन हात द्या. फक्त वरची बाजू रंगवणे ही नेहमीची चूक. न रंगवलेली बाजू दमट हवेत फुगते आणि फळी वाटीसारखी वाकते.

9. फळीला गोंद नको. चौकटीच्या आतून 1 इंची पट्टीचे 15 सेंमीचे तुकडे लावा: प्रत्येक आडव्या पट्टीला तीन, प्रत्येक लांब पट्टीला चार. मग खालून सव्वा इंची स्क्रूने फळी आवळा. इथे दीड इंची स्क्रू चुकून घेतला तर त्याचे टोक वर येते. वरून स्क्रू मारले तर पुढे ते रुळाखाली गाडले जातात आणि फळी काढता येत नाही.

फळी आणि चौकट मिळून सुमारे 28 किलो होतात. घर बदलताना पाय सोडा, टेबल आडवे कडेवर उभे करा, म्हणजे दोन माणसे ते दारातून नेतात.

रूळ टाकण्याआधी

मीटरभर लांब ॲल्युमिनियमची पट्टी फळीवर सगळ्या दिशांनी फिरवा. खाली 1 मिमीपेक्षा जास्त फट दिसली, तर त्या जागी उरलेल्या पट्टीतून आणखी एक आडवा आधार द्या. मधोमध कोपर दाबूनही तपासा.

त्रिज्या 18 इंचीच ठेवा. 22 इंची वळण 4 फुटांत बसते खरे, पण रुळाचा मध्य कडेपासून जेमतेम 5 सेंमीवर येतो आणि घसरलेले इंजिन थेट फरशीवर जाते. टेबल भिंतीला चिकटवू नका. हात आरामात 70-75 सेंमीच पोचतो, शिवाय पावसाळ्यात भिंतीची ओल फळीत उतरते.

उघड्या प्लायवर गाडी ढोलासारखी वाजते. रुळाखाली 5 मिमी कॉर्क चिकटवा आणि रूळही गोंदानेच बसवा. खिळा कॉर्कमधून प्लायपर्यंत गेला की आवाज पुन्हा फळीत उतरतो. सलग दोन मीटर रुळामागे जोडावर 1 मिमी फट सोडा. उन्हाळ्यात रूळ वाढला आणि फट नसली तर तो बाजूला फुगतो.

पहिला पावसाळा सरल्यावर पाणसळ पुन्हा लावा. चौकट थोडी हललेली असेल. लेव्हलिंग बोल्ट अर्धा-पाऊण फेरा फिरवला की बहुधा भागते.