स्नो ब्लोअर तुंबला तर आत हात घालू नका
शून्य अंशाच्या आसपास पडणारा बर्फ ओला, चिकट असतो. तो स्नो ब्लोअरचं, म्हणजे दारासमोरचा बर्फ उडवून बाजूला टाकणाऱ्या मशीनचं, बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं हमखास तुंबवतो. टोरांटो, बफेलोकडे नव्याने घर घेतलेल्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं: इंजिन बंद केलं तरी आत हात घालायचा नाही. जाड हातमोजे असले तरीही नाही! बर्फ अडकला की पाती फिरवणाऱ्या पट्ट्यात ताण साठून राहू शकतो. गोळा सुटताच पातं झटक्यात फिरतं आणि बोटं जातात. मशीन बंद करा, बॅटरीवरचं असेल तर बॅटरीही काढा, पाती पूर्ण थांबू द्या आणि मशीनसोबत आलेल्या दांडीनेच बर्फ मोकळा करा. ती सापडत नसेल तर झाडूचा लाकडी दांडा चालतो. काम सुरू करण्याआधी नळकांड्यात आतून सिलिकॉन स्प्रे मारला, तर बर्फ बराच कमी चिकटतो.