व्होल्टेज-करंटवरून रेझिस्टन्स आणि पॉवर काढताना या चुका टाळा

रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, आणि पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. ही सूत्रं शाळेतच पाठ झालेली असतात आणि त्यांत काही चुकत नाही. चुकतात ते त्यांत घातलेले आकडे. उत्तर फसतं तेव्हा बहुतेक वेळा व्होल्टेज एका भागाचं घेतलेलं असतं आणि करंट किंवा रेझिस्टन्स दुसऱ्याच भागाचा, नाहीतर दुसऱ्याच वेळचा.

सप्लायचं व्होल्टेज सगळीकडे वापरणं

12 व्होल्टच्या सप्लायवर 100 ओहम आणि 20 ओहम असे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये आहेत. एकूण 120 ओहम, म्हणून करंट 0.1 अँपिअर. आता 20 ओहमच्या रेझिस्टरमध्ये किती पॉवर खर्च होते? व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स हे सूत्र आठवतं, हात आपोआप 12 कडे जातो आणि 144 भागिले 20 करून 7.2 वॉट उत्तर येतं. पण त्या रेझिस्टरच्या दोन टोकांत 12 व्होल्ट नाहीतच, फक्त 2 व्होल्ट आहेत. खरं उत्तर 0.2 वॉट, म्हणजे छत्तीसपट कमी.

शंका आली की पॉवर तिन्ही प्रकारे काढून बघा: व्होल्टेज गुणिले करंट, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. इथे 2 × 0.1, 0.01 × 20 आणि 4 ÷ 20, तिन्हींचं उत्तर 0.2 येतं. साध्या रेझिस्टरसाठी तिन्ही उत्तरं जुळली नाहीत तर कुठला तरी आकडा परक्या भागाचा आहे.

एलईडीच्या बाबतीत हीच चूक वेगळ्या वेषात येते. पांढऱ्या एलईडीवर साधारण 3 व्होल्ट राहतात. सप्लाय 5 व्होल्टचा आणि करंट 20 मिलिअँपिअर हवा असेल, तर रेझिस्टरच्या वाट्याला 2 व्होल्टच येतात, म्हणून 100 ओहम लागतो. पूर्ण 5 व्होल्ट धरून 250 ओहमचा लावला, तर करंट सुमारे 8 मिलिअँपिअरवर येतो आणि एलईडी मंद दिसतो. दोष मात्र एलईडीवर जातो.

मिलिअँपिअर तसेच ठेवणं

5 व्होल्ट आणि 20 मिलिअँपिअर असताना 5 भागिले 20 केलं, तर 0.25 येतं. ते ओहम नाहीत, किलोओहम आहेत. खरं उत्तर 250 ओहम. करंटचा वर्ग करताना तर ही चूक फारच महागात पडते, कारण हजारपटीची चूक वर्गात दहा लाखपट होते. गणित सुरू करण्याआधीच 20 मिलिअँपिअरचे 0.02 अँपिअर करून घ्या.

थंड वस्तू मोजून गरम वस्तूचा हिशोब

230 व्होल्ट, 60 वॉटचा फिलामेंटचा बल्ब घ्या. जळताना तो सुमारे 0.26 अँपिअर घेतो, म्हणजे रेझिस्टन्स साधारण 880 ओहम. तोच बल्ब काढून, गार असताना मल्टिमीटरने मोजला तर जेमतेम साठ-सत्तर ओहम दिसतात. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टन तापलं की त्याचा रेझिस्टन्स दहा-पंधरापट वाढतो. थंड आकड्यावरून पॉवर काढली तर आठशे वॉटच्या आसपास उत्तर येईल, आणि बटण दाबल्याच्या अगदी पहिल्या क्षणी बल्ब खरंच तेवढी पॉवर ओढतो. म्हणूनच जुने बल्ब बरेचदा लावतानाच जातात. हीटरच्या नायक्रोम तारेत हा फरक फार थोडा असतो, तिथे थंड मोजमाप चालून जातं.

मोटरची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. 12 व्होल्टच्या डीसी मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, 2 ओहम मोजलं, तर हिशोबाने 6 अँपिअर यायला हवेत. ती मोकळी फिरताना मात्र 1 अँपिअरच घेते असं समजा. फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेचं व्होल्टेज तयार करते, इथे 10 व्होल्टचं. वाइंडिंगला उरतात 2 व्होल्ट. आत जाणाऱ्या 12 वॉटपैकी 2 वॉट वाइंडिंगमध्ये उष्णता होतात आणि बाकीचे मोटर फिरवण्यात जातात. पण मोटर अडकली की ते उलट व्होल्टेज नाहीसं होतं, पूर्ण 6 अँपिअर वाहतात आणि 72 वॉटची नुसती उष्णता होते. अडकलेली मोटर जळते ती यामुळेच, तेव्हा तिचा सप्लाय आधी बंद करा आणि अडथळा मग शोधा.

एसीवर चालणाऱ्या मोटरला आणखी एक गुणाकार लागतो. 230 व्होल्ट आणि 0.5 अँपिअर यांचा गुणाकार 115 येतो, पण तो व्होल्ट-अँपिअरमध्ये. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खरोखर पॉवर म्हणून वापरला जाणारा हिस्सा, 0.8 असेल तर वॉट 92 होतात.

मोजतानाच्या चुका

चालू सर्किटवर रेझिस्टन्स कधीही मोजू नका, आकडा खोटा येतो आणि मीटरही बिघडू शकतो. सप्लाय बंद करूनही भाग सर्किटमध्येच असेल तर शेजारच्या भागांतून समांतर वाट मिळते आणि आकडा कमी दिसतो, म्हणून एक टोक सोडवून घ्या. करंट मोजून झाला की लाल प्रोब अँपिअरच्या भोकातून लगेच काढा. तो तसाच ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात तर थेट शॉर्ट होतो, आणि घरगुती लाइनवर हे जिवावर बेतू शकतं.

बॅटरीचं व्होल्टेज लोड (तिच्यावर चालवायची वस्तू) लावण्याआधी मोजायचं आणि करंट लोड लावल्यावर, असंही करू नका. लोड आला की व्होल्टेज खाली येतं, त्यामुळे दोन्ही आकडे लोड चालू असतानाचेच घ्या. अर्धा-एक ओहमसारख्या छोट्या रेझिस्टन्सला तर मल्टिमीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स नडतो. तिथे ठराविक करंट सोडा, व्होल्टेजचे प्रोब थेट त्या भागाच्या टोकांवर टेकवा आणि भागाकार करा.