सेल्फ मारला की नुसतं 'टक्': बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

मे महिना, चोपड्याकडचं ऊन. केळीच्या बागेत पाणी लावून बांधावर आलो, मोटारसायकलची चावी फिरवली, सेल्फ दाबला तर नुसतं 'टक्'. शेजारच्या मळ्यातले जिभाऊ लांबूनच म्हणाले, "तुनी बॅटरी बसनी भो!" मीही विचार न करता दुसऱ्या दिवशी दीड हजार मोजून नवी बॅटरी आणली. बसवली, सेल्फ दाबला. पुन्हा 'टक्'.

घरी गाडीची वायरिंग बघताना सगळ्यात मोठी चूक हीच: मोजायच्या आधी वस्तू बदलणे. तीनशे-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घरात असता तर ते दीड हजार वाचले असते. बाराव्होल्टी बॅटरीसाठी त्याची चकती डीसी २० वर ठेवायची. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवेत. १२ च्या खाली असेल तर ती उतरली आहे. आधी चार्ज करा, मग तिच्याबद्दल मत बनवा. दुसरं माप सेल्फ दाबून धरताना घ्यायचं. आकडा १० च्या आसपास टिकला तर बॅटरीत दम आहे. सात-आठवर आपटला तर ती आतून गेली असण्याची शक्यता जास्त.

शेवटी मीटर आणलाच, तर माझ्या जुन्या बॅटरीवर १२.६ होते आणि सेल्फ दाबल्यावरही आकडा फारसा हलत नव्हता. मग करंट अडतोय कुठे? मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या बोल्टवर ठेवली आणि मुलाला सेल्फ दाबायला लावलं. तिथे खरं तर जवळजवळ शून्य दिसायला हवं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त म्हणजे अर्थिंग, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिनाला जोडणारी वायर, खराब. माझा मीटर तीनच्या वर गेला. इंजिनाला जिथे अर्थिंगची वायर कसलेली असते तो बोल्ट शोधला, तर काळ्या मातीचा वाळलेला पोपडा आणि त्याखाली गंज. मायनस काढून बोल्ट सोडला, वायरचा छल्ला आणि खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, घट्ट कसलं, वरून व्हॅसलीन लावलं. पहिल्याच सेल्फला गाडी उठली. प्लस बाजूही अशीच तपासता येते: एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फ मोटरच्या टर्मिनलवर. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर मीटरही नंतर. आधी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने ते साफ करा.

बॅटरी काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. पाना प्लसवर असताना गाडीच्या लोखंडी फ्रेमला टेकला आणि मायनस जोडलेला असला तर शॉर्ट होऊन काय होतं ते एकदा बघितलेला माणूस हा क्रम विसरत नाही.

'टक्'सुद्धा होत नसेल तर पाना हातात घ्यायच्या आधी किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच), साइड स्टँड, न्यूट्रल आणि क्लच बघा. हसू नका, पोरांनी चालता चालता किल स्विच दाबलेला असतो आणि आपण सीट खोलून बसलेलो असतो.

आता फ्यूज. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी नाहीतर तांब्याची तार गुंडाळायची, ही आपल्याकडची जुनी खोड. फ्यूज १५ अँपिअरचा असेल तर त्यापेक्षा जास्त करंट वाहिला की तो वितळावा म्हणूनच तिथे असतो. तार वितळत नाही, वायरिंग वितळतं. त्यात भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवायचा आणि गाडी त्याच ओसरीत लावायची, असं घराघरात चालतं. कापसाशेजारी तार लावलेला फ्यूज म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज लावा; बहुतेक गाड्यांत फ्यूजच्या डबीतच एक जादा असतो. तोही उडाला तर लगेच तिसरा लावू नका. हॉर्न, ब्रेक लाइट, वरून लावलेल्या एलईडी असं एकेक सुटं करत जा. जे सुटं केल्यावर फ्यूज टिकतो, शॉर्ट तिथे. याच कापसात उंदीर घर करतात आणि ओसरीतल्या गाडीची वायर कुरतडतात, त्यामुळे सीटखाली एकदा टॉर्च मारा.

एलईडीचं निघालं म्हणून. रात्रीच्या लाइटीला पाणी भरायला जावं लागतं, त्यामुळे जादा दिवे लागतात हे मान्य. पण हेडलाइटची वायर सोलून, पीळ देऊन वर टेप मारणं बंद करा. आपल्या उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि महिन्याभरात तांबं उघडं पडतं. वेगळी रिले (छोट्या स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) आणि वेगळा फ्यूज लावून बॅटरीवरून थेट लाइन घ्या. हँडल डावी-उजवीकडे वळवल्यावर दिवा मिचमिचत असेल तर मात्र हँडलखालची मान तपासा. तिथे वायरींची जुडी घासली जाते.

नवी बॅटरी वारंवार उतरत असेल तर चार्जिंग मोजा. गाडी चालू करून जरा रेस केल्यावर बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. साडेबाराच्या वर चढतच नसेल तर करंट तयार करणारी मॅग्नेट कॉइल नाहीतर तो बॅटरीजोगा करून देणारा रेक्टिफायर बिघडलेला. १५ च्या वर गेला तर रेक्टिफायर गेलेलाच समजा. बॅटरी उकळते, बल्ब उडतात. आकडे बरोबर असूनही बॅटरी उतरते? मग तुमचं फिरणं बघा. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असतो. घर ते मळा दोन किलोमीटर, प्रत्येक वेळी सेल्फ, म्हणजे गेलेला करंट भरून निघतच नाही. किक असेल तर किक मारा.

गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, बंद पडली नाही तर चार्जिंग ठीक, ही जिभाऊंची परीक्षा मॅग्नेटोवरच्या जुन्या गाड्यांना चालायची. बीएस-६ च्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाडीवर करू नका. व्होल्टेजचा झटका बसतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर जोडून गाडी चालू करणार (जंप देणार) असाल तर ट्रॅक्टर बंद ठेवून. आणि त्याच्या मोठ्या चार्जरवर गाडीची बॅटरी लावू नका: ५ एएचच्या (अँपिअर-अवरच्या) बॅटरीला अर्धा अँपिअर पुरे, रात्रभर, मोकळ्या हवेत, कापसापासून लांब. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं नाही. सीलबंद असेल तर झाकण उचकटू नका.

ईसीयू किंवा एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटून राहिला तर स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडे जा, तिथे मीटर पुरत नाही.

माझी जुनी बॅटरी अजून मळ्यातल्या खोपीत आहे. लाइट गेली की तिच्यावर एक बल्ब लावतो. परवा त्या उजेडात चहा पिताना जिभाऊ तिच्याकडे बघून म्हणाले, "चांगली शे ना भो ही बॅटरी, का बरं काढी तू?"