जॅझचा संग्रह: एका अल्बमवरून दुसऱ्याकडे

जॅझच्या शंभर सर्वोत्तम अल्बमांच्या याद्या सहज मिळतात, मात्र त्यांतून नवख्या श्रोत्याच्या हाती फारसे लागत नाही. कारण यादीतला प्रत्येक अल्बम सुटा असतो आणि एका अल्बमचा दुसऱ्याशी काय संबंध आहे, हे ती सांगत नाही. जॅझमध्ये आज ज्याच्या साथीला जो बसतो, तो उद्या स्वतःच्या नावाने अल्बम काढतो. म्हणून एक अल्बम नीट ऐकावा, त्यातील वादकांची नावे टिपून ठेवावीत आणि त्या नावांचा माग काढत संग्रह वाढवावा.

सुरुवातीसाठी माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’इतका सोयीचा अल्बम नाही. न्यूयॉर्कमध्ये 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 या दोन दिवसांत तो ध्वनिमुद्रित झाला. ‘सो व्हॉट’ ही पहिली रचना ऐकताना आवर्तन मोजण्याची आपली सवय कामी येते: 32 मापांच्या (माप म्हणजे चार मात्रांचा गट, इंग्रजीत ‘बार’) आवर्तनात पहिली सोळा मापे एकाच स्वरपंक्तीवर चालतात, पुढच्या आठ मापांत तीच स्वरपंक्ती अर्ध्या स्वराने वर सरकते आणि शेवटच्या आठांत पुन्हा मूळ जागी येते. ही सरकण्याची जागा कानाला पकडता आली की डेव्हिस यांचा ट्रम्पेट, जॉन कोल्ट्रेन यांचा टेनर सॅक्सोफोन, कॅननबॉल ॲडर्ली यांचा आल्टो सॅक्सोफोन आणि बिल एव्हान्स यांचा पियानो, या क्रमाने येणाऱ्या चौघांनी तेवढ्याच अवकाशात किती वेगळे काही केले आहे, ते उमगू लागते. जुनी तबकडी विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मार्चमध्ये मुद्रण करणारे एक टेपयंत्र किंचित संथ चालत होते, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना थोड्या चढ्या स्वरात वाजतात. ही चूक 1990च्या दशकातील पुनर्प्रकाशनांत दुरुस्त झाली. नुसते ऐकणाऱ्याला याने काही बिघडत नाही, पण सोबत पेटी घेऊन बसणाऱ्याला सूर जुळवताना नक्कीच त्रास होईल.

आता यातील नावांच्या मागे जावे. एव्हान्स यांच्यासाठी ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ घ्यावा. 25 जून 1961 रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये श्रोत्यांसमोर झालेल्या वादनाचे हे मुद्रण आहे. त्यात स्कॉट लफॅरो यांचा डबल बास साथ करण्यावर न थांबता पियानोशी बरोबरीने संवाद करतो. लफॅरो त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेले. ॲडर्ली यांच्यासाठी 1958चा ‘समथिंग एल्स’ घ्यावा, ज्यात खुद्द डेव्हिस साथीला आहेत. कोल्ट्रेन यांचा ‘अ लव्ह सुप्रीम’ डिसेंबर 1964मध्ये मुद्रित झाला. त्याच्या चार भागांपैकी शेवटचा भाग ऐकताना अल्बमच्या वेष्टनावर छापलेली कोल्ट्रेन यांची प्रार्थना समोर ठेवावी, कारण ती कविता ते सॅक्सोफोनवर जवळजवळ अक्षरशः म्हणत जातात. माझ्या मते संग्रहात एकच अल्बम ठेवायचा झाला तर तो हाच असावा.

मागच्या काळात जाताना मात्र अल्बम शोधून उपयोग नाही. लाँग प्ले तबकडी 1948मध्ये आली. त्याआधीचे बहुतेक जॅझ तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर आहे, म्हणून तिथे चांगली संकलने घ्यावीत. आल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांची 1945पासूनची सॅव्हॉय आणि डायल कंपन्यांसाठीची मुद्रणे आवश्यक आहेत. त्यांतील काहींत डेव्हिस एकोणीस वर्षांचे आहेत. लुई आर्मस्ट्राँग यांच्या 1925 ते 1928 या काळातील हॉट फाइव्ह व हॉट सेव्हन या वादकसंचांच्या मुद्रणांशिवाय तर संग्रह पुरा होणारच नाही. ‘वेस्ट एंड ब्लूज’चा आरंभीचा, साथीविना वाजवलेला ट्रम्पेट हे पटण्यासाठी पुरेसा आहे.

वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांचा ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ घेताना आवृत्ती पाहून घ्यावी. 1956च्या मूळ तबकडीत स्टुडिओत पुन्हा वाजवलेला बराच भाग मिसळला होता. न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातली प्रत्यक्ष मैफल 1999च्या आवृत्तीत ऐकायला मिळते. पॉल गोन्साल्विस यांनी सलग 27 आवर्तने वाजवलेला सॅक्सोफोन आणि त्यासरशी बेभान झालेले श्रोते, दोन्ही तिथे आहेत.

डेव्ह ब्रुबेक यांचा ‘टाइम आउट’ आणि चार्ल्स मिंगस यांचा ‘मिंगस आह उम’ हेही 1959चेच. ब्रुबेक 1958च्या दौऱ्यात तुर्कस्तानात आणि पुढे मुंबईतही वाजवून गेले होते. तुर्कस्तानात ऐकलेल्या तालावर बेतलेल्या ‘टाइम आउट’मधील ‘ब्लू रोंडो’तील 2-2-2-3 असे नऊचे विभाग टाळी देऊन मोजून पाहावेत. वाद्यसंगीतात मन रमत नसेल, तर एला फिट्झगेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या गायनाचा 1956चा ‘एला अँड लुई’ आधी घ्यावा.

मराठी व गोमंतकीय श्रोत्यांनी ‘हम दोनो’ हा 1969मध्ये लंडनला मुद्रित झालेला अल्बमही जरूर मिळवावा. मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांचे हे संयुक्त काम असून, दुर्दैवाने आपल्याकडे त्याचा उल्लेख फार क्वचित होतो. कोल्ट्रेन यांचा 1965चा ‘असेन्शन’ मात्र घाईने घेऊ नये. अकरा वादकांचा तो सुमारे चाळीस मिनिटांचा कल्लोळ ‘अ लव्ह सुप्रीम’ तोंडपाठ झाल्यावरच ऐकावा.